जोखमीचा पत्ता

महापालिकेच्या रुग्णालयातला केसपेपर ज्याने कधी हातात धरला असेल, त्याला नाव आणि वयाखालची पत्त्याची ओळ आठवेल. ती नेहमी घाईत भरली जाते. ‘साकीनाका’, ‘मालवणी’, ‘घाटकोपर प.’ एवढे लिहून झाले की खिडकीमागचा कारकून पुढच्या नंबराला हाक मारतो. आत ओपीडीत डॉक्टर ताप किती दिवस आहे, खोकल्यातून रक्त पडते का, लघवी कमी झाली आहे का, हे विचारतात. पत्त्याकडे पाहायला त्यांना उसंत नसते. संसर्गजन्य रोग आणि त्यांच्या जोखमीचे घटक या विषयावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी त्या दुर्लक्षित ओळीपासून सुरू करतो आहे, कारण मुंबईत या विषयावर झालेले चांगले संशोधन वारंवार तिच्यापाशीच येऊन पोहोचले आहे. घर कितव्या मजल्यावर आहे, समोरची इमारत किती फुटांवर आहे, संडास स्वतःचा आहे की साऱ्या गल्लीचा मिळून एक, पावसात पाणी कुठवर चढते, जवळ गोठा आहे का, कचरा किती दिवसांनी उचलला जातो, हा सगळा तपशील रोगाच्या दृष्टीने माणसाचा पत्ता असतो.

आधी विषयाची थोडी ओळख करून द्यायला हवी. क्लिनिकल रिसर्च हे शब्द ऐकले की बहुतेकांना नव्या औषधाची चाचणी आठवते, आणि पाठोपाठ ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ हा प्रश्नही. औषधांच्या आणि लसींच्या चाचण्या हा या शास्त्राचा एक भाग झाला. दुसरा भाग निरीक्षणाचा. त्यात कुणाला काही नवे टोचले जात नाही. आजारी पडलेली आणि न पडलेली माणसे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात फरक कशाचा आहे, ते शोधले जाते. जी गोष्ट आजाऱ्यांत ठळकपणे जास्त आढळते आणि जिचा खुलासा निव्वळ योगायोगाने होत नाही, तिला जोखमीचा घटक म्हणतात. तो रोगाचे कारण असेलच असे नाही. क्षयाचे कारण क्षयाचा जंतूच. पण तो अंगात शिरलेल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर क्षय होत नाही. मग कुणाला होतो? तिथे कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू आणि कोंदट खोली यांचा हिशेब सुरू होतो.

या हिशेबात चूक कशी होते, ते एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. जुलैचा महिना आहे, मेडिसिनचा वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरला आहे, दोन खाटांमध्ये जमिनीवरही गाद्या टाकल्या आहेत. साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा, संशय असलेल्या प्रत्येकाला निवासी डॉक्टर फॉर्मवरचा प्रश्न विचारतो, ‘साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?’ सगळे ‘हो’ म्हणतात. शंभर टक्के उत्तर मिळाले म्हणून तो खूश होतो. पण जुलैत कुर्ल्याहून घाटकोपरला जाणारा कोण कोरडा राहिला? हाच प्रश्न हाड मोडून आलेल्या, शेजारच्या वॉर्डातल्या रुग्णांना विचारला असता, तर तिथेही तेच उत्तर आले असते. जी गोष्ट सगळ्यांनी केली, ती आजाऱ्याला इतरांपासून वेगळे काढू शकत नाही. वेगळे काढणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: पायाला जखम होती का? किती वेळ पाण्यात होता? एकदाच की रोज? आजारी न पडलेल्याला विचारल्याशिवाय जोखीम कळत नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा. रुग्णालयात बसून अंश मोजता येतो; छेद वस्तीत जाऊनच मोजावा लागतो.

मुंबईने हा धडा फार पूर्वी, मोठी किंमत मोजून घेतला. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा केली. लस घेतलेल्या १४७ कैद्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकही नाही. लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याची ही रीत आज कुणालाही साधी वाटेल, पण त्या काळी ती रुळलेली नव्हती. कैद्यांनी स्वखुशीने पुढे येऊन लस घेतली, असे सांगितले जाते. गजाआडच्या माणसाची स्वखुशी कितपत मानायची, हा प्रश्न आजची कुठलीही नैतिकता समिती पहिल्याच बैठकीत विचारील.

लशीइतकेच महत्त्वाचे काम पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेत झाले. तीच पुढे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगने उंदीर मेलेल्या इमारतीत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. माणसे स्थलांतर करून गेली तरी रोग घरातच का राहतो, याचे उत्तर त्यात होते. तोवर सरकारी पथके माणसांना घराबाहेर काढून तपासत होती, धरपकड करीत होती. जोखीम मात्र भिंतींच्या बिळांत होती. मलेरियाचेही तसेच. सी. ए. बेंटली यांचा मुंबईतील मलेरियावरचा अहवाल १९११चा. शहरातल्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास त्यांनी दोषी ठरवला. आज महापालिकेचा कीटकनाशक विभाग इमारतीच्या गच्चीवर चढून टाकीचे झाकण तपासतो, बांधकामाच्या जागी साचलेले पाणी पाहतो, ती त्याच संशोधनाची पुढची कडी आहे.

प्लेगनेच मुंबईला उत्तरेकडे ढकलले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या फोडल्या गेल्या, ज्यांना झेपले त्यांनी मोकळ्या हवेसाठी साष्टीची, म्हणजे आजच्या उपनगरांची, वाट धरली. पुढे महापालिकेची हद्द १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे शहरात आली. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती. शहर जिल्ह्याची जेमतेम ३१ लाख. म्हणजे चारांतले तीन मुंबईकर उपनगरांत राहतात. संशोधनाची परंपरा असलेली केईएम, नायर, जे. जे., कस्तुरबा ही रुग्णालये मात्र जुन्या शहरात, आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय वेशीवर. जुहूच्या कूपर रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०१५ साली. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, बोरिवलीचे भगवती, गोवंडी आणि कांदिवलीची शताब्दी रुग्णालये रोज हजारो केसपेपर काढतात. त्यांतले फारच थोडे कधी अभ्यासाच्या तक्त्यात उतरले. रोग उपनगरात आणि त्यावरचे संशोधन परळला, अशी ही विभागणी आहे. या पुस्तकाची गरज तिच्यातून निर्माण झाली आहे.

आता मुद्द्याच्या तीन रोगांकडे वळतो.

पहिला लेप्टो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने हाहाकार केला. हा रोग मुंबईला तेव्हा नवा नव्हता. झोपडपट्टीतल्या तापाच्या मुलांत लेप्टो सापडतो आणि त्याचे धागे साचलेल्या पाण्याशी जुळतात, हे शीवच्या बालरोगतज्ज्ञांनी २०००च्या आसपासच नोंदवून ठेवले होते. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतो आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. २०१५च्या जुलैत दहिसर ते मालाड या पट्ट्यात लेप्टोने माणसे दगावली, तेव्हा उंदरांबरोबर गोठ्यांकडे आणि भटक्या कुत्र्यांकडेही बोट गेले.

लेप्टोवर काम करणे किती जिकिरीचे आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. पक्क्या निदानासाठी रक्ताचे दोन नमुने लागतात, दुसरा पहिल्यानंतर दोन-एक आठवड्यांनी. प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढले तर शिक्कामोर्तब. पण ताप उतरलेला माणूस नुसते रक्त द्यायला रोजंदारी बुडवून परत येत नाही. त्यात ऑगस्ट संपता संपता गणपती येतात आणि निम्मा वॉर्ड कोकणात गेलेला असतो. अशा गळतीतून उरलेल्या नमुन्यांवर निष्कर्ष उभा करायचा असतो.

तरीही निष्कर्ष निघाले आणि उपयोगी पडले. १९८४ साली पनामातल्या अमेरिकन सैनिकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेतलेल्यांत लेप्टोचा एकच रुग्ण निघाला, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत वीस. नंतर अंदमानात भारतीय संशोधकांनी तीच गोळी कायम लेप्टो असलेल्या भागात वापरून पाहिली. तिथे संसर्ग थांबला नाही, आजारपण मात्र निम्म्याहून कमी झाले. या पुंजीवर मुंबई महापालिकेने जोखमीच्या पायऱ्या आखल्या. पाण्यातून गेलात पण जखम नाही, तर २०० मिलिग्रॅमचा एक डोस. जखम असेल तर तीन दिवस. सफाई कामगारासारखे वारंवार पाण्यात उतरावे लागत असेल तर आठवड्याला एक, असे सहा आठवडे. लहान मुलांना आणि गरोदर बायांना वेगळे औषध. हे सारे डॉक्टरला विचारून, पाण्यातून आल्यावर २४ ते ७२ तासांच्या आत. २०१७च्या अतिवृष्टीनंतर महापालिकेने ही गोळी वस्त्यावस्त्यांत मोठ्या प्रमाणावर वाटली. पावसाळ्यात दवाखान्याच्या भिंतीवर लागणाऱ्या त्या साध्या तक्त्यामागे पनामा आहे, अंदमान आहे आणि शीवही आहे.

दुसरा क्षय. २०११च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध औषधांपैकी कशालाच दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि जगभर खळबळ उडाली. त्या बातमीच्या गदारोळात त्यांचाच आदल्या वर्षीचा अभ्यास बाजूला पडला. धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना त्यांनी क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितले होते. ६३ प्रकारची औषधयोजना निघाली आणि बरोबर लिहिणारे सहा. त्याच्या वीस वर्षे आधी मुंबईतल्याच अशा पाहणीत शंभरेक डॉक्टरांनी ८० प्रकार लिहिले होते. पुढे २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित ‘बनावट रुग्ण’ खासगी डॉक्टरांकडे पाठवून २,६०२ भेटी नोंदवल्या गेल्या. सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य ती पावले उचलली गेली. म्हणजे औषधाला न जुमानणारा क्षय होण्याची जोखीम रुग्णाच्या फुप्फुसात जितकी, तितकीच कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या चिठ्ठीत असते. मे २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले.

पण क्षयावरचा, मला सर्वांत मोलाचा वाटणारा अभ्यास इमारतींचा आहे. गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व वॉर्डात नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन पुनर्वसन वसाहती आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि पवईच्या आयआयटीतील संशोधक यांनी तिथल्या चार हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. निष्कर्ष २०१८ साली बाहेर आले. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण आठ ते दहा टक्क्यांच्या घरात, पीएमजीपीत एक टक्क्याच्या आसपास. वॉर्ड एकच आणि राहणारे साधारण एकाच आर्थिक थरातले, पण इमारतींची मांडणी वेगळी. नटवर पारेखमध्ये सात मजली इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. दोन इमारतींमधल्या बोळात वरून टाकलेला कचरा पडतो, त्याची घाण नको म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून हवा कोंडलेली. खोकणाऱ्याच्या तोंडून निघालेले जंतू त्या कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. ते मारणारा सूर्यप्रकाश आत येत नाही. संगणकावर हवेचे वहन आणि उजेड मोजला, तेव्हा खालच्या मजल्यांची दुर्दशा आकड्यांतही दिसली. अशा एकवेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण झोपडपट्टी पुनर्वसनासाठी दोन इमारतींमधले अंतर कमी करण्याची सवलत ज्या टेबलावर मंजूर होते, त्या टेबलावर हा अभ्यास पोहोचायलाच हवा. नियम लिहिणाऱ्याच्या लेखणीत क्षयाची जोखीम असू शकते, असे तो सांगतो.

याला जोड आहे ती झारखंडमधल्या चाचणीची. क्षयरुग्णांच्या घरच्यांना नियमित शिधा दिला, तर त्यांच्यात क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. औषधाची गोळी नाही, लस नाही. तांदूळ आणि डाळ. हवा, उजेड आणि जेवण या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आजीबाई सांगत आल्या. फरक इतकाच की आता त्यांच्यामागे मोजमाप उभे आहे.

तिसरा रोग कोविड. जुलै २०२०च्या पहिल्या पंधरवड्यात महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या तीन वॉर्डांत ६,९३६ लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, इमारतींत १६ टक्के. बहुतेकांना पत्ताही नव्हता. रुग्णालयातले आकडे पाहून जो अंदाज बांधला जात होता, त्याच्या कितीतरी पुढे विषाणू गेला होता, आणि त्याचबरोबर लागण झालेल्यांतले मृत्यूचे प्रमाण वाटत होते त्याहून कमी निघाले. त्याच तीन वॉर्डांत, रस्त्याच्या दोन बाजूंना, साडेतीनपट फरक. सामायिक संडास आणि दाटी ही त्याची संभाव्य कारणे म्हणून पुढे आली. ‘अंतर राखा’ हा सल्ला ज्यांना अंतर विकत घेता येते त्यांच्यासाठीच होता, हे त्या पाहणीने आकड्यांत मांडले.

दोन वर्षांनी, २०२२च्या अखेरीस, गोवंडीत गोवर उसळला आणि लहान मुले दगावली. लस होती, फुकट होती, लसीकरणात पडलेला खंड टाळेबंदीच्या काळातला होता. गोवरावर नवे संशोधन करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. लस न पोहोचलेली मुले कोणत्या गल्लीत आहेत, एवढेच शोधायचे असते.

या सगळ्यात रुग्णाचे स्थान काय? कायदा आता स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम यांनुसार नैतिकता समितीची मंजुरी, रुग्णाला समजेल अशा भाषेतले संमतिपत्र आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई बंधनकारक आहे. औषध चाचण्यांची जाहीर नोंदणी २००९पासून सक्तीची आहे. कागदावर सगळे ठीक. पण मराठी संमतिपत्र पुष्कळदा असे असते, की ते वाचून मराठीच्या प्राध्यापकालाही घाम फुटावा. ‘सदर अध्ययनात सहभागी होण्यास आपण नकार दिल्यास आपल्या उपचारावर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही’ हे वाक्य रात्रपाळी करून आलेल्या रिक्षावाल्याला कसे कळावे? ‘नाही म्हणालात तरी औषधपाणी तेच मिळेल’ असे लिहायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. उपनगरात तर एकाच बाकावर मालवणी, गुजराती, भोजपुरी, तमिळ आणि दखनी बोलणारे बसलेले असतात. तिथे फॉर्मवर अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली, असे समजणारा संशोधक स्वतःचीच फसवणूक करतो. बळजबरीने किंवा न समजता दिलेली उत्तरेही खोटी असतात, आणि खोट्या उत्तरांतून खरा निष्कर्ष निघत नाही.

या पुस्तकातली प्रकरणे वाचताना वाचकाने तीन प्रश्न सतत जवळ ठेवावेत. तुलना कुणाशी केली आहे? परत न आलेल्या रुग्णांचे काय झाले? आणि निष्कर्ष ज्यांच्या जिवावर निघाला, त्यांना तो कुणी सांगितला का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगले संशोधक देतात. तिसऱ्यापाशी बहुतेकांची पंचाईत होते. निबंध परदेशी नियतकालिकात छापून येतो, परिषदेत टाळ्या मिळतात, आणि ज्या बाईने पहाटे उठून डबीत बेडका भरून दिला, तिला त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळत नाही. मग पुढच्या वेळी सर्वेक्षणवाला आला की दार उघडत नाही. त्यात दोष दाराचा नाही.

म्हणून वाचकांना विनंती अशी. कधी कुणी ओळखपत्र घालून, फॉर्म घेऊन तुमच्या दारी आले, तर चार प्रश्न खुशाल विचारा: काय शोधताय, मंजुरी कुणाची, माझी माहिती कुणाला दिसणार, निकाल मला कधी सांगणार? उत्तरे पटली तर मनापासून आणि खरी माहिती द्या. तुम्ही आजारी नसाल तर अधिकच, कारण तुलना तुमच्याशीच होणार आहे. आणि संशोधकांना सांगणे एवढेच, की अभ्यास संपल्यावर त्याच वस्तीत परत जा आणि जे सापडले ते तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत, एका पानात, सोसायटीच्या फलकावर लावता येईल असे लिहून द्या. तेवढे झाल्याशिवाय अभ्यास पूर्ण झाला असे समजू नका.